कोकण किनाऱ्यावर ड्रोननं गरवणं: वारा, जुळवणी आणि परतीचा हिशेब

ड्रोननं गरवायचं, म्हणजे ड्रोननं आमिष आत नेऊन टाकायचं आणि गरीनं मासा धरायचा, म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती लांब जातो आणि किती वजन उचलतो?" खरं तर गुहागर, हर्णे-मुरूड, भाट्ये, आचरा, वेंगुर्ला यांपैकी कुठल्याही पुळणीवर आपल्याला हवा तो चर, म्हणजे तळाचा खोलगट पट्टा, बहुधा पहिल्या-दुसऱ्या वाळूच्या बांधामागे, किनाऱ्यापासून शंभर ते अडीचशे मीटरवर सापडतो. तिथवर आमिष नेणं कुठल्याही बऱ्या ड्रोनला जमतं. ड्रोन समुद्रात जातात ते परत येताना, समोरून वारा असताना आणि उडवणारा "झालं काम" म्हणून सैल पडलेला असताना. म्हणून आधी वारा आणि भरती, मग दोरा आणि गरी.

त्याच्याही आधी कायद्याचं उरकून घेऊ. ड्रोन नियम २०२१ नुसार वर्गवारी ठरते ती आमिष-शिशासकट एकूण वजनावर. २५० ग्रॅम ते २ किलो म्हणजे मायक्रो. या वर्गात हौसेसाठी उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. नोंदणी करून यूआयएन, म्हणजे ड्रोनचा ओळख क्रमांक, घ्यावा लागतो आणि त्रयस्थ पक्षाचा विमा असावा लागतो. एकूण वजन २ किलोच्या वर गेलं की स्मॉल वर्ग लागतो आणि प्रमाणपत्रही. मासे विकायचे ठरवलेत की हौस संपली. मग २ किलोच्या आतही प्रमाणपत्र हवं. ड्रोन कायम नजरेच्या टप्प्यात आणि ४०० फुटांच्या खाली ठेवायचा. चिपी आणि रत्नागिरी विमानतळांचा परिसर, बंदरं, तटरक्षक दल आणि नौदलाच्या जागा यांसाठी त्या-त्या दिवशी सरकारी हवाई नकाशा उघडून लाल, पिवळा, हिरवा पट्टा बघा. काल हिरवा होता म्हणून आज असेलच असं नाही. तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, त्यामुळे दुबईहून येणाऱ्या भावाच्या बॅगेवर भरवसा ठेवू नका, कस्टममध्ये अडकतो. इथं बनलेला किंवा सुटे भाग आणून इथं जुळवलेला ड्रोन घ्या.

मालवणच्या सागरी अभयारण्यात (१९८७ मध्ये घोषित, २९.१२ चौरस किमी) हा उद्योग करू नये. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जंजिरा हे पुरातत्त्व खात्याचे संरक्षित किल्ले आहेत, त्यांच्यावरून परवानगीशिवाय उडवू नका. जानेवारी २०२५ पासून मत्स्यव्यवसाय विभागाचे स्वतःचे ड्रोन बेकायदा मासेमारीवर नजर ठेवायला रेवदंडा, श्रीवर्धन, मिरकरवाडा, साखरीनाटे, देवगड अशा ठिकाणांहून उडतात. त्यांच्या वाटेत येऊ नका. आणि कागदावर लिहिलेलं नसलं तरी पहिल्यांदा जाल तिथल्या मच्छीमार सोसायटीत किंवा रापणकरांकडे (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, म्हणजे रापण लावणाऱ्यांकडे) विचारून घ्या. रापण पाण्यात असताना तिच्या कवेत शिसं टाकणाऱ्याला गावात पुन्हा कुणी उभं करत नाही, आणि ते बरोबरच आहे.

दिवस कोणता, वेळ कोणती

ऑक्टोबर ते मे हा हंगाम. पावसाळ्यात ड्रोन पेटीतच ठेवा.

या महिन्यांत पहाटेपासून सकाळपर्यंत मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. दहा-साडेदहाच्या आसपास तो पडतो, थोडा वेळ हवा स्तब्ध होते आणि अकरा-बाराला खारा वारा वायव्येकडून सुरू होऊन दुपारी जोर धरतो. नवखा माणूस सकाळी सातला येतो. मतलई वाऱ्यावर वजनासकट ड्रोन भर्रकन आत जातो, बॅटरी अजून ८० टक्के दिसते आणि तो आणखी शंभर मीटर पुढे दामटतो. परतताना तोच वारा तोंडावर असतो. साधा हिशेब करा. ड्रोनचा वेग सेकंदाला १० मीटर आणि समोरचा वारा ६ मीटर, तर पुढे सरकणं फक्त ४ मीटरनं. ३५० मीटरला वारा नसताना ३५ सेकंद लागतात, इथं जवळजवळ दीड मिनिट. वाऱ्याचा झोत ९ मीटरवर गेला तर ड्रोन जवळजवळ जागच्या जागी उभा राहतो आणि बॅटरी संपत जाते.

वारा मोजायचा तो उघड्यावर. सुरूच्या बनाच्या आडोशाला उभं राहिलं की काहीच जाणवत नाही, पण ३० मीटर उंचीवर तोच वारा दुप्पटही असू शकतो. त्यामुळे रिकामा ड्रोन आधी ३० मीटर वर नेऊन एक मिनिट धरा आणि तो किती कलतो ते बघा. सरासरी वारा सेकंदाला ५ मीटरपर्यंत असेल तर आमिष न्या. ५ ते ८ मध्ये फक्त पाहणी करा, ८ च्या वर उडवूच नका.

आता भरती. जुना हिशेब सगळ्यांना ठाऊक आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. सव्वासहा तासांनी ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या आसपास नीट बसतो. दक्षिणेकडे जाल तशी भरती थोडी आधी येते, तेव्हा रत्नागिरी-मालवणला तक्ता बघून दुरुस्ती करा. आमच्या मते या कामाला द्वितीया-तृतीयेसारखा दिवस नाही. भरती दीड-सव्वादोनला, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी सव्वासात ते आठच्या दरम्यान. उजाडलेलं असतं, बांध उघडे पडलेले असतात, आठ-साडेआठला पाहणी होते आणि नऊ ते अकरा, मतलई पडत असताना, चढत्या पाण्यावर आमिष टाकता येतं. अष्टमीच्या भांगेला (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) ओहोटी भर दुपारी, खाऱ्या वाऱ्याच्या तोंडी येते. तो दिवस खाडीत पाग (फेकायचं जाळं) घेऊन गेलात तर जास्त पदरात पडेल.

आधी वरून पाणी बघा

ड्रोनचा खरा फायदा इथं आहे, आणि बहुतेक लोक हीच पायरी गाळतात. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य पाठीशी असतो, त्यामुळे समुद्राकडे बघणाऱ्या कॅमेऱ्यात चकाकी कमी येते. दुपारी तीननंतर तेच पाणी नुसता आरसा होतं. कॅमेऱ्यावर पोलरायझर फिल्टर लावा आणि जमिनीवरच फिरवून पाण्याची चमक मरते ती जागा पकडा. मग रिकामा ड्रोन ४० ते ५० मीटर उंचीवर किनाऱ्याला समांतर उडवा, कॅमेरा सरळ खाली न ठेवता साधारण ४५ अंशांत.

काय शोधायचं? फिकट पिवळसर पट्टा म्हणजे वाळूचा बांध, त्यामागचा गडद हिरवा पट्टा म्हणजे चर. सगळीकडे लाटा फुटतायत पण मध्येच दहा-वीस मीटरची फट शांत आहे आणि तिथून फेस-गढूळ पाणी आत समुद्राकडे चाललंय, ती ओढ. ओढीच्या तोंडाशी चर संपतो तिथं रावस आणि शिंगाळा फिरकतात. खाडीच्या मुखाशी, म्हणजे दाभोळ, जयगड, पूर्णगड किंवा देवबागसारख्या ठिकाणी, गढूळ आणि निवळ पाण्याची सीमारेषा स्पष्ट दिसते. जिताडा त्या रेषेच्या गढूळ बाजूला शोधावा. काळे, कडा असलेले डाग म्हणजे खडप, पाण्याखालचा खडक. तांबोशी आणि गोबरा तिथंच, पण खडपाच्या वर नाही, त्याच्या वाळूकडच्या कडेला पाच-सात मीटर सोडून आमिष टाका, नाहीतर पहिल्याच ओढीला दोरा कापला जातो. डाग हलत असेल तर तो मासळीचा थवा किंवा ढगाची सावली. वर बघा, लगेच कळतं.

जागा ठरली की ड्रोन तिच्या बरोबर वर थांबवून किनाऱ्यापासूनचं अंतर आणि किनाऱ्यावरची खूण, उदाहरणार्थ एखादा माड किंवा देवळाचा कळस, लिहून ठेवा. पाणी चढल्यावर ते रंग दिसणार नाहीत. जाळ्यांचे बोये आणि डोलीचे (खांबांना बांधायच्या जाळ्याचे) खांब कुठे आहेत तेही याच फेरीत नोंदवा.

वजनाचा हिशेब

९०० ग्रॅमचा कॅमेरा ड्रोन धरून चालू. शिसं १००, आमिष ८०, फिरकी (दोऱ्याला पीळ पडू न देणारी कडी) आणि गरी २०, क्लिप आणि दोरी ३०; झाले २३०. त्यात मागून येणाऱ्या दोऱ्याची ओढ ५० ते १०० ग्रॅम धरा. म्हणजे २८० ते ३३०. अशा ड्रोनची एकूण ताकद साधारण त्याच्या वजनाच्या दुप्पट, १८०० ग्रॅमच्या आसपास धरली, तर स्वतःचं वजन आणि हा भार वजा जाता सुमारे ५७० ते ६२० ग्रॅम शिल्लक राहतात. वाऱ्याशी झगडायला, धक्के सोसायला एवढीच शिल्लक. दीड किलोचा मासा लागला तर तो ड्रोनला खेचून नेईल हे यातून समजून घ्या. २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन पाहणीला उत्तम, आमिषाला नको.

घरच्या मैदानात चाचणी घ्या. प्लॅस्टिकच्या बाटलीत ३०० मिली पाणी भरून ती दीड मीटर दोरीनं लटकवा आणि ड्रोन तीन मीटरवर दोन मिनिटं स्थिर धरा. उतरवून मोटारींना बोट लावा. पाच सेकंद बोट ठेववत नसेल तर भार जास्त आहे, पाणी कमी करून पुन्हा बघा. बाटली झोके घ्यायला लागली तर वेगाची पद्धत सर्वात मंद ठेवा आणि रिमोटच्या काठ्या सावकाश हलवा. झोका थांबवायला उलट दिशेला झटका दिला की तो वाढतोच.

दोरा, गरी आणि क्लिप

मुख्य दोरा ब्रेड (विणलेला दोरा), पीई ३ (जाडीचा क्रमांक), जाडी ०.२८ मिमीच्या आसपास, रिळावर ५०० मीटर. ८००० आकाराचं स्पिनिंग रीळ चालतं. जाड तंगूस (नायलॉनचा एकपदरी दोरा) मुख्य दोरा म्हणून का नको? ०.५० मिमीचा ४०० मीटर तंगूस सुमारे ९० ग्रॅम भरतो, ब्रेड जेमतेम २५. शिवाय वारा जाड दोऱ्याला जास्त पकडतो आणि त्याचा पोट सुटलेला झोळ ड्रोनला बाजूला ओढतो. ब्रेडच्या टोकाला ०.६० मिमी तंगूस ८ मीटर, एफजी गाठीनं (ब्रेड आणि तंगूस जोडायची गाठ). वाळूवर आणि लाटांत घासला जाणारा भाग हाच.

तंगुसाच्या टोकाला तीन तोंडांची फिरकी. एका तोंडाला ०.७० मिमी तंगूस ६० सेंटिमीटर आणि त्याला ५/० आकाराची सर्कल गरी, म्हणजे टोक आत वळलेली गोल गरी. दुसऱ्या तोंडाला ०.३५ मिमीचा मुद्दाम कच्चा तंगूस ४० सेंटिमीटर आणि १०० ग्रॅम शिसं. खडपात शिसं अडकलं तर एवढंच तुटून बाकी सगळं हाती येतं. उधाणाच्या ओढीत १०० ग्रॅम टिकत नसेल तर शिसं १२० करा आणि आमिष तेवढं लहान घ्या. एकूण भार वाढवू नका.

आमिषाला तारली, बांगड्याची अर्धी फाक किंवा माकूल. लवचीक दोऱ्यानं बारा-पंधरा वेढे देऊन बांधा, गरीचं टोक मात्र उघडं राहू द्या. सर्कल गरीचं टोक मांसात गाडलं तर ती लागतच नाही. सैल लटकणारी शेपूट कापून टाका. हवेत आमिष पंख्यासारखं फिरायला लागलं की तंगुसाला पीळ पडतो आणि पाण्यात पडेपर्यंत गरीभोवती गुंडाळा झालेला असतो.

क्लिप दोन प्रकारच्या मिळतात. एक सर्व्होवर (छोट्या मोटारीवर) चालणारी, बटण दाबलं की उघडते. दुसरी ताणावर उघडणारी, स्प्रिंगची. आमची पसंती दुसरीला, कारण दोरा कुठंही अडकला तरी ती आपोआप सुटते. ती बसवायची पद्धत अशी. ड्रोनच्या दोन्ही बाजूंच्या पायांना दोरीचा त्रिकोणी झोळ बांधा, म्हणजे ओढ बरोबर मध्यावर येईल. खालचे सेन्सर आणि बॅटरीच्या हवेच्या फटी झाकल्या जात नाहीत ना, ते बघा. झोळाच्या मध्याला दीड मीटर दोरी आणि तिच्या टोकाला क्लिप. क्लिप पोटाला चिकटून ठेवली तर दोरा पंख्यांपर्यंत पोचतो. झोळ आणि दोरी यांच्या मध्ये शिवणकामाचा सुती दोरा घाला, एक पदरी किंवा दोन पदरी, हातकाट्यावर ओढून बघताना क्लिप सुटते त्याहून थोड्याच जास्त ओढीला तुटेल असा. क्लिप गंजून अडली तर हा दोरा तुटेल आणि नुकसान फक्त क्लिपचं होईल. सर्व्होची क्लिप वापरणाऱ्यांनी तर हा दोरा विसरूच नये.

तंगूस गुळगुळीत असल्यामुळे क्लिपमधून घसरतो. म्हणून फिरकीच्या अर्धा मीटर वर तंगुसावर रबरबँडची गाठ मारा आणि क्लिपमध्ये रबरबँड पकडवा. मग हातकाटा तंगुसाला लावून ओढा आणि स्क्रू फिरवत क्लिप ५०० ग्रॅमला सुटेल असं करा. चारशेच्या खाली सुटली तर उड्डाणाच्या पहिल्याच झोक्यात आमिष लाटेत पडेल, साडेपाचशेच्या वर गेली तर ड्रोनची शिल्लक ताकद संपते. हे काम तीनदा करून बघा. तिन्ही वेळा आकडा जवळपास तोच यायला हवा. रबरबँड दर फेरीला नवा. ओला झालेला रबरबँड आणि वाळूचा कण, या दोन गोष्टींनी हा आकडा बदलतो.

उड्डाण

माणसं दोन हवीत, एक उडवणारा आणि एक रॉडवाला. एकट्यानं करू नका. रॉडवाल्याच्या कमरेला सुरी, आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात ती हातातच.

कोरड्या वाळूवर चटई किंवा फोमचा तुकडा अंथरून त्यावर ड्रोन ठेवा. वाळू मोटारीत गेली की बेअरिंग गेलंच. गाडीच्या बॉनेटजवळ किंवा धक्क्याच्या लोखंडी सळ्यांवर होकायंत्र जुळवू नका. उपग्रह बारापेक्षा जास्त आणि परतीची जागा नोंदली गेल्याचा संदेश आल्याशिवाय मोटार चालू करू नका. आपोआप परतीची उंची ४०-५० मीटर ठेवा, म्हणजे माड आणि सुरू खाली राहतील. अडथळे टाळणारे सेन्सर बंद करा. लटकणारा दोरा त्यांना अडथळा वाटतो. खालचा दृष्टीसेन्सर हलत्या पाण्यावर फसतो, म्हणून पाण्यापासून पाच मीटरच्या खाली कधीच येऊ नका. ड्रोनवर नारिंगी चमकती पट्टी चिकटवा. करड्या रंगाचा ड्रोन धुरकट आभाळात अडीचशे मीटरवर दिसेनासा होतो.

ड्रोन रॉडच्या पाच मीटर पुढे, समुद्राच्या बाजूला. आमिष त्याच्याही पुढे, दोरा पायात न येता सरळ पसरलेला. रिळाचा बेल (दोरा अडवणारी तारेची कडी) उघडा. ड्रोन सरळ वर घ्या, आमिष वाळूवरून सुटलं की थांबा आणि झोका शांत होऊ द्या. मग २० मीटरपर्यंत वर, आणि तिथून सेकंदाला ४-५ मीटर वेगानं आत. रॉडवाला बोटानं स्पूलला हलका स्पर्श ठेवून दोरा सोडतो. सैल सोडला तर झोळ लाटेत पडतो आणि लाटेनं धरलेला दोरा ड्रोनला शंभर ग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त ओढतो.

जागेवर पोचल्यावर सहा-आठ मीटरपर्यंत खाली या. उंचावरून टाकलं तर आमिष पाण्यावर आपटून फाटतं. "थांब" म्हटलं की रॉडवाला बेल बंद करतो, ड्रोन हळूच दोन मीटर पुढे सरकतो, क्लिप सुटते. लगेच दहा मीटर वर जा. मागे किंवा खाली अजिबात नको, कारण दोरा अजून मागेच आहे. वीस मीटर बाजूला सरका, वारा ज्या अंगाहून येतोय त्या अंगाला, आणि मगच परत फिरा. रॉडवाला शिसं तळाला बसेपर्यंत दहा-पंधरा सेकंद थांबून झोळ गुंडाळतो. साठ टक्के बॅटरीला परतीची वाट धरलेली असावी आणि तीस टक्क्यांच्या आत ड्रोन जमिनीवर.

बिघडतं ते असं

क्लिप सुटलीच नाही तर घाबरून परत ओढत आणू नका. रॉडवाल्यानं बेल उघडून दोरा सैल द्यायचा, ड्रोन १५ मीटरवर ठेवून हळू परत आणायचा, आणि मग बेल बंद करून दोरा गुंडाळत राहायचं, पण ताण न देता. रॉडपासून तीस मीटर बाजूला कोरड्या वाळूवर उतरवा. ड्रोन एकदम खाली दबायला किंवा मागे खेचला जायला लागला तर विचार न करता दोरा रिळाजवळ कापा. दोरा, गरी, शिसं सगळं मिळून ड्रोनपेक्षा स्वस्तच.

स्क्रीनवर "आपोआप परत" सुरू झालं आणि दोरा अजून जोडलेला असेल तर आधी ते रद्द करा. ड्रोन सरळ रेषेत, दोऱ्यावरूनच परत येतो आणि उतरताना पंख्यात घेतो.

घारी आणि समुद्रगरुड हा इथला कायमचा त्रास, विशेषतः मासळी वाळत घातलेल्या ठिकाणी आणि घरट्यांच्या हंगामात. पक्षी वरून झडप घालतो, म्हणून सरळ वर चढा; आमिष असेल तर सोडून द्या. दोन घारी घिरट्या घालत असतील तर जागा बदला.

मासा लागल्यावर

ब्रेड ताणत नाही आणि गरी सर्कल आहे, तेव्हा झटका मारू नका. रॉड वाकला की नुसतं गुंडाळत राहा, मासा स्वतःच लागतो. ड्रॅग (रिळाचा ब्रेक) दोऱ्याच्या ताकदीच्या एक तृतीयांश ठेवा. पाकट आली तर शेपटीच्या काट्यापासून लांब. शिंगाळ्याचा काटा पक्कडीनं धरूनच गरी काढा. कासव लागलं तर गरीजवळ तंगूस कापून सोडा. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिले आहेत. ती यादी फोनमध्ये ठेवा आणि त्याहून लहान मासा परत पाण्यात.

मीठ

उडवून झालं की त्याच जागी, गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं सगळा ड्रोन पुसा, मग कोरड्यानं. नळाखाली धरू नका. मोटारींवर मऊ ब्रश फिरवा, बॅटरीचे संपर्क कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करा, क्लिप गोड्या पाण्यात बुडवून वाळवा आणि स्प्रिंगला तेलाचा एक थेंब द्या. पंख्याच्या कडेला बारीकशी चीर दिसली तरी तो पंखा बदला. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या. बॅटरी ५०-६० टक्क्यांवर ठेवायची, म्हणजे सेलमागे सुमारे ३.८ व्होल्ट, आणि उन्हात उभ्या गाडीत कधीच नाही.

ड्रोन समुद्रात पडून हाती लागला तर चालू होतो का ते बघण्याचा मोह आवरा. बॅटरी ताबडतोब काढा आणि ती घरापासून लांब, कोरड्या वाळूच्या बादलीत उघड्यावर चोवीस तास ठेवा. खारं पाणी शिरलेली लिथियम बॅटरी काही तासांनीही पेटू शकते, आणि ती पुन्हा चार्ज करायची नाही. बाकी ड्रोन भरपूर गोड्या पाण्यात, जमलं तर शेवटी डिस्टिल्ड पाण्यात, बुडवून काढा, कवच उघडून दोन-तीन दिवस पंख्याच्या वाऱ्यावर वाळवा आणि मगच दुरुस्तीवाल्याकडे द्या. तो चालू झाला तरी त्याच्यावर पुन्हा पाण्यावरून आमिष नेऊ नका. तो आता फक्त जमिनीवरून पाहणी करायला.